सोळा पायऱ्यांचं पाणी

भांडण लागलं ते खुर्चीवरून. लेकीच्या अंगणात सावलीला दोनच खुर्च्या होत्या. एकीवर विहीणबाई बसल्या होत्या आणि दुसरीवर त्यांनी पाय पसरले होते. मी आपली पदर सावरून उभी. बस म्हणायची सुद्धा बाईला शुद्ध नाही. बरं, मी काही मागायला गेले नव्हते. भाजी द्यायला गेले होते.

समोर जावयाचा हौद. पोहायचा. विहीणबाई त्याला पूल म्हणतात. पूल म्हणजे मला ओढ्यावरचा ठाऊक. ज्यात उतरून भिजायचं त्याला आम्ही हौदच म्हणतो. जावई फरशी बसवणारा. लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेल्या निळ्या फरश्या दोन वर्षं गोळा करून त्यानं तो स्वतःच्या हातानं बांधला होता. कुठं आभाळी निळा, कुठं शाईसारखा, तरी सांधा बघाल तर नखही शिरणार नाही. येत्या रविवारी एक मोठं गिऱ्हाईक बघायला येणार होतं. त्याला काम आवडलं, तर जावयाला असलेच हौद बांधायची कामं मिळणार होती. आयुष्यभर लोकांच्या मोऱ्यांत गुडघे टेकायला नकोत. पण हौद कोरडा. आणि पाण्याचा टँकर गल्लीतल्या खचलेल्या गटारावरून आत येईना.

"आता कसं करायचं?" लेक म्हणाली.

"करायचं काय?" विहीणबाई म्हणाल्या. "तुझ्या आईची विहीर आहे की पलीकडं. पण उन्हाळ्यात तिला तरी पाणी असतं का? की नुसत्या बेडकांचंच घर?"

झालं. माझ्या टाळक्यात गेलं. त्या विहिरीतली माती मी डोक्यावरून वाहिलीय. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा. मी म्हटलं, "विहीणबाई, असले दहा हौद भरून वर तुमचे पाय धुवायला उरेल एवढं पाणी आहे. खुर्चीवरनं उतरवलेत तर."

लेकीनं तोंडाला पदर लावला. हौदाच्या काठावर बसलेला जावई मात्र चटकन उठला. "मामी, खरंच देता?"

आता शब्द बाहेर पडलेला. तो काही परत गिळता येत नाही.

"देते," म्हटलं. "पण आधी हिशेब. किती बादल्या लागतील ते मला कळलं पाहिजे."

जावयानं मोबाइल काढला. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, सहा फूट खोल. बोटं चालवली आणि म्हणाला, "शहात्तर हजार लिटर."

"लिटर मला कळत नाही. मी दोन यत्ता शिकलेली बाई. बादल्या सांगा."

त्याला बादल्या सांगता येईनात. मग मी माझ्या पद्धतीनं गेले. सुताराकडून फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशी पेटी ठोकून घेऊन दुसऱ्या दिवशी परत लेकीच्या अंगणात आले. आतनं मेण लावलं. घरची बादली दोनदा ओतली, पेटी काठोकाठ. म्हणजे पेटीला दोन बादल्या. हौदाच्या तळावर अशा पेट्या मांडल्या तर लांबीला तीस, रुंदीला पंधरा. एका थराला साडेचारशे पेट्या.

"असे सहा थर," जावई म्हणाला.

"थांबा," मी म्हटलं. "हौद सगळीकडं सहा फूट आहे का? या टोकाला तर माझ्या कमरेएवढा आहे."

"इकडं तीन. उतरत उतरत तिकडं सहा."

"मग सहानं कसं मोजता? खोल बाजूचं उचलून उथळ बाजूला भरा, सगळीकडं साडेचार होईल. साडेचार थर. दोन हजार पंचवीस पेट्या. चार हजार पन्नास बादल्या."

जावयानं परत मोबाइल दाबला. बघतच राहिला. "मामी, बरोबर आहे. मी उगाच शहात्तर हजार धरले होते. सत्तावन्नच लागतील."

विहीणबाईंनी दुसऱ्या खुर्चीवरचे पाय खाली घेतले. मी बसले. खोटं कशाला सांगू, त्या खुर्चीत बसून मला जो गारवा वाटला तो विहिरीच्या पाण्यालाही नसेल.

घरी येऊन पुढचा हिशेब केला. आमच्या विहिरीला फूटफूट उंचीच्या पायऱ्या. एका पायरीला चारशे बादल्या पाणी, हे सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि मी कितीदा ताडून पाहिलेलं. त्या दिवशी सोळा पायऱ्या पाण्याखाली होत्या. चार हजार पन्नासला गेल्या दहा पायऱ्या. राहिल्या सहा. सहा पायऱ्यांत दोन गाई, एक कालवड, घरचं, आणि मिरचीचा अर्धा एकर पाऊस लागेतो आरामात निघतो.

आमचे मालक उंबऱ्यावर बसून दोरीला पीळ घालत होते. बोलणं कमी त्यांचं. एखादं वाक्य काढायचं म्हणजे विड्याच्या चंचीतून सुपारी शोधल्यासारखं करतात.

"अगं," ते म्हणाले, "पण विहीर खाली..."

"विहीर मला शिकवू नका तुम्ही," मी म्हटलं. "फोनला जमलं नाही ते मी पेटीनं काढलंय."

त्यांनी दोरी परत पिळायला घेतली.

गुरुवारी सकाळी मोटर सुरू केली. जावयानं बांधावरून पाइप टाकला. मी काठावर घोंगडं अंथरून बसले. तासाला एक पायरी उघडी पडत होती, घड्याळ लावून बघावं तशी. संध्याकाळी आठ पायऱ्या झाल्या. मोटर बंद केली आणि जाऊन जावयाला सांगितलं, "उद्या दोन तास. मग दहा पायऱ्या होतील आणि तुमचा हौद काठाला लागेल."

"मामी, तुम्ही इंजिनिअर व्हायला पाहिजे होतं."

"झाले असते," म्हटलं, "पण चूल कुणी पेटवली असती?"

शुक्रवारी मोटर लावली आणि घोंगड्यावर बसले न बसले तोच नववी पायरी उघडी. मला वाटलं कालची मोजताना चुकले. पुन्हा मोजल्या. तोवर दहावी दिसायला लागली. अर्धा तास पण झाला नव्हता.

मी वाकून बघितलं. खाली काळा कातळ उघडा पडला होता.

आठव्या पायरीखाली कातळ लागला होता आम्हाला. चाळीस वर्षांपूर्वी. सुरुंगासाठी पैशाचा हात आखडता, माणसं थकलेली, म्हणून सासऱ्यांनी कातळात विहीर निम्म्या रुंदीचीच उतरवली होती. वर सोळा फूट रुंद तोंड, आणि खाली नुसती नळी. तिथं पायरीला चारशे कुठल्या, शंभर बादल्यासुद्धा मुश्किलीनं. कातळाच्या त्या कपच्या मीच तर घमेल्यांनी वर काढल्या होत्या. पण चाळीस वर्षांत पाणी कधी आठव्या पायरीखाली गेलंच नाही. जे दिसत नाही ते माणूस विसरतं. जावयाच्या हौदाचा उतार मला दिसला, आणि माझ्याच विहिरीचं नरडं दिसलं नाही.

मी उठले, मोटरीच्या खोपटाकडं धावले. हात खटक्यावर ठेवला. तेवढ्यात बांधापलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, अगदी साखर घोळून. "का हो विहीणबाई? दहा हौदांचं पाणी संपलं की काय?"

खटका खाली ओढायचा, एवढंच. लहान पोर सुद्धा ओढेल. पण हौद अजून फूटभर रिकामा होता, रविवारचं गिऱ्हाईक, जावयाचं तोंड, आणि ती बाई खुर्चीत. माझा हात खटक्यावरून निघाला.

"संपतंय कशानं?" मी ओरडले. "बघायला आले, मोटर तापली का!"

दोन तासांत मोटर घरघरली, खोकली, आणि नुसता वारा ओढू लागली. पलीकडं लेकीनं टाळ्या पिटल्या. हौद भरला होता. काठाला बोटभर कमी. माझा हिशेब हौदापुरता तंतोतंत निघाला होता.

रविवारी गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. कळवतो म्हणालं. अजून कळवतंच आहे.

विहिरीत आता तळाचा झरा तेवढा राहिला. दिवसाला पन्नास बादल्या, तेही गढूळ. मोटरीला ते पाणी लागत नाही, म्हणून मालक दोर धरून खाली उतरतात आणि वाटीवाटीनं बादली भरतात. मी वरून ओढते. गाईंना आणि घरालाच ते पुरत नाही. मिरची आधी दुपारी माना टाकायची, मग सकाळी पण टाकायला लागली. फुलं गळून सरीत पांढरा सडा पडला.

एक दिवस मी बादली घेऊन तरातरा हौदावर गेले. पाणी बघवत नव्हतं, इतकं निळंशार. माझंच. बुडवणार तोच लेकीनं हात धरला.

"आई, नको! त्यात औषध टाकलंय. पाणी हिरवं होऊ नये म्हणून. झाडं जळतील."

"आणि गाईला?"

लेकीनं माझ्या हातातली बादली काढून घ्यायला बघितली. मी तरी एक बादली नेलीच. गाईनं हुंगली आणि तोंड फिरवून माझ्याकडं असं बघितलं, की मीच खाली बघितलं.

काल दुपारी आम्ही पाणी काढत होतो तर जावई आला. चप्पल काढून, मान खाली घालून. त्याला तरी किती बोलायचं? त्यानं विहीर वाकून बघितलीच नव्हती. माझ्या शब्दावर विसंबला होता.

"मामी, उन्हानं हौदाचं पाणी उडतंय. दोन बोटं कमी झालंय. ते गिऱ्हाईक पुन्हा बघायला येतो म्हणतंय. तेवढी दोन बोटं मिळाली तर..."

दोन बोटं! माझ्या डोक्यात पेट्या आपोआप मांडल्या गेल्या. साडेचारशे पेट्या रांगेनं, त्यात दोन दोन बोटं पाणी. शंभरावर बारा बादल्या. दोन दिवसांचा सगळा झरा, गाईंच्या तोंडासकट.

मी दोर ओढला. बादली वर आली. तळाशी दोन बोटं पाणी, चहाच्या रंगाचं. ती त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. दोन बोटं."

त्यानं बादलीत बघितलं. मग विहिरीच्या काठाशी जाऊन पहिल्यांदाच खाली वाकला. खाली त्या नळीत आमचे मालक, गुडघे दुमडून, वाटी घेऊन. जावई बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग चप्पल हातातच घेऊन बांधावरून निघून गेला.

बादली मी कडेच्या एका रोपाला ओतली. एकालाच. जमिनीनं ती ओतता ओतताच पिऊन टाकली, रोपाला कळलं की नाही कुणास ठाऊक.

मग काठावर येऊन मी खाली हाक मारली, "अहो, ऐकताय का?"

"बोल."

"त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. विहीर खाली म्हणून. काय सांगत होता?"

खालून वाटी कातळाला घासल्याचा आवाज आला.

"आता कुठलं आठवतंय," ते म्हणाले. "बादली सोड."