ताटात उरलेली भाकरी

विमलनं चपला काढल्या, पाटल्या उतरवून हरभऱ्याच्या पोत्यावर ठेवल्या आणि श्वास रोखून काट्यावर उभी राहिली. हा काटा वैजनाथच्या भुसार दुकानातला, पोती मोजायचा. मेडिकलमध्येही वजनाचा काटा होता, पण तिथं अर्धं बेलापूर औषधाला येतं आणि वजन करणाऱ्या बाईकडं टक लावून बघतं. वैजनाथ निदान पाठ करून उभा राहायचा.

आकडे हलले, थांबले. त्र्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. अडीच महिन्यांत फक्त चारशे ग्रॅम उतरलं होतं.

कोपरगावला तिचा पाठचा भाऊ बन्सी आठवड्यातून दोनदा चार-चार तास डायलिसिसच्या खाटेवर पडून असायचा. घरात एकट्या विमलची किडनी जुळली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले आणि बोट ठेवलं ते वजनावर. चौऱ्याऐंशीचं चौऱ्याहत्तर करा, म्हणाले, पण उपाशी राहून नको; तसं उतरवलेलं वजन दुपटीनं परत येतं. रोज तासभर चालायचं, दोन्ही वेळेला दीड भाकरी, भाजी, मोड आलेलं कडधान्य, आणि सहा महिने धीर धरायचा. बाहेर आल्यावर बन्सीनं बोटांवर महिने मोजले होते, आणि मग हात खिशात घातला होता.

विमलनं सगळं इमानेइतबारे केलं. उजाडताच ती कॅनॉलच्या कडेनं चालायला निघायची. या वयात शाळेत नाव घातलं काय, म्हणून बायका हसल्या, तरी ती चालत राहिली. चहातली साखर गेली, लग्नातल्या जिलब्या समोरून तशाच पुढं गेल्या. तरी काटा हलेना. तिला स्वतःच्या अंगाचा संताप यायचा. हे मेलं शरीर भावाचा जीव घेऊन बसणार, असं तिला वाटायचं.

तिचा नवरा गोरक्षनाथ सोयाबीनचा नमुना दाखवायला आज बरोबर आला होता. वैजनाथनं त्यालाही काट्यावर चढायला सांगितलं. माझं काय बघायचंय, म्हणत तो मागं सरला, पण वैजनाथनं दंडाला धरून चढवलाच. चौसष्ट भरला. दिवाळीला इथंच पैज लावून चढला होता तेव्हा एकाहत्तर होता, हे वैजनाथच्या पक्कं लक्षात होतं.

"दादा, शुगर तपासून घ्या एकदा," वैजनाथ म्हणाला.

गोरक्षनाथ हसल्यासारखं करून उतरला. विमलचं लक्ष त्याच्या पट्ट्याकडं गेलं. खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दिसत होतं, आणि उरलेलं टोक त्यानं मागं खोचलं होतं.

घरी आता दोघंच. पोरगी नांदायला गेली, पोरगा पुण्याला. विमलनं नेहमीसारखं त्याचं ताट वाढलं आणि आज चुलीकडं न वळता भिंतीला टेकून बघत राहिली. त्यानं एक भाकरी खाल्ली, दुसरीचा तुकडा मोडला आणि ताट सरकवलं.

"झालं माझं. लई झालं."

अडीच महिने दोन्ही वेळेला हे असंच चाललं होतं. नवऱ्याच्या ताटातलं टाकायचं नाही, बायकोनं संपवायचं, हे तिला सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आपली दीड भाकरी ती मोजून घ्यायची. ही मात्र मोरीपाशी उभ्याउभ्या, भांडी आवरताना पोटात जायची. उभ्यानं खाल्लेलं तिनं आजवर कधी जेवणात धरलंच नव्हतं. आणि ते या माणसाला पक्कं ठाऊक होतं; म्हणूनच तो रोज ताटात उरवत होता.

"किडनी द्यायच्या संमतीच्या कागदावर सही करताना तर काय बोलला न्हाई तुमी," ती म्हणाली.

गोरक्षनाथनं मोडलेला तुकडा ताटाच्या कडेला सारला.

"बन्सीच्या तोंडावर न्हाई कसं म्हनू? पोराचा जीव चाललाय. पन तुला आपरेशनला आत नेतील. तू उठलीच न्हाई तर मी काय करू?"

विमलला आधी राग आला. मग तो खिळ्यानं भोक पाडलेला पट्टा परत दिसला. दिवसभर रानात राबून हा माणूस अडीच महिने अर्धपोटी झोपला होता, आणि तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. तिला रडू आलं, पण तिनं ते आवरलं.

तिनं आपलं ताट घेतलं, दीड भाकरी वाढली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. सव्वीस वर्षांत ती त्याच्यासोबत कधी जेवली नव्हती. मग त्याचं ताट तिनं परत त्याच्यापुढं केलं.

"तुमची तुमी संपवा. भ्या मलाबी वाटतंय."

त्यानं मोडलेला तुकडा उचलून तोंडात घातला. तेवढ्यात मोबाईल वाजला. सोमवार होता; दर सोमवारी या वेळेला बन्सीचा फोन यायचा. तो आधी पाऊसपाण्याचं विचारायचा, पोरांचं विचारायचा, आणि आकडा शेवटी. विमलनं फोन उचलला नाही. तो तिनं नवऱ्याच्या हातात दिला.

गोरक्षनाथनं फोन कानाला लावला. पलीकडून बन्सीनं आज पाऊसपाण्याचं काहीच विचारलं नाही.

"दाजी, किती भरलं अक्काचं?"

गोरक्षनाथनं तोंडातला घास गिळला.

"बन्सी, आमचं मोजायला चुकत हुतं," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी सांगतो. मीच सांगतो."

त्यानं फोन खाली ठेवला आणि ताटातली भाकरी हातात घेतली.