माझा टाका का सुटला?

मित्रांनो, सन १९२९ च्या दसऱ्याला लोणावळ्यात माझी थाटाची पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी माझा टाका सुटू लागला. मी एक जुनी शिलाई मशीन आहे. घरात बसून झबली-टोपडी शिवते तसली मात्र नव्हे. तंबू, ताडपत्री, गाद्यांच्या खोळी असे जाड काम करणारी, अंगाने थोराड आणि आवाजाने त्याहून थोराड.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. मुंबई बंदरात उतरले आणि मालगाडीतून घाट चढून वर आले. तेव्हा लोणावळ्याच्या आसपास धरणांची कामे चालली होती. मजुरांचे तंबू मी शिवले, फाटले की सांधले. कामे संपली, छावण्या उठल्या आणि मी एका गोदामात गंजत पडले. तिथून सोपान मास्तरांनी मला बैलगाडीत घालून आपल्या शिवणकामाच्या दुकानात आणले. लोणावळ्याच्या पावसात लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून पावसाचे चार महिने ते मला स्वतःची गोधडी पांघरवत. त्यांची बायको धोंडाबाई म्हणे, "सवत आणलीय, सवत!"

१९२९ साली मास्तरांची धाकटी बहीण मुक्ता माहेरी आली. तिचा नवरा तापाने गेला होता. सासर वडिवळ्याचे, घरी भातशेती. दिराला भातखाचरात आणि गोठ्यात राबायला दोन हात हवे होते, त्या हातांच्या मालकिणीची पर्वा नव्हती. मास्तरांनी बहिणीला माझ्यासमोर बसवले. सुरुवातीला तिचा पाय पुढे जाई आणि माझे चाक मागे फिरे. पण पावसाळा संपेपर्यंत तिची शिवण दोरीसारखी सरळ पडू लागली. "दसरा झाला की तू माज्या बरुबरीनं कामाला बस," मास्तर तिला म्हणाले. त्या दिवशी दिवसभर ती कारण नसताना मला पुसत होती.

दसऱ्याच्या सकाळी तिनेच मला तेलपाणी करून चकचकीत केले. मग आळीतल्या सवाष्णी पूजेला आल्या, तेव्हा ती आपणहून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. बायकांनी मला हौसेने हळदीकुंकू वाहिले. सुईखालच्या सरकत्या पट्टीवर तर कुंकवाचा ढीग झाला. त्यावर अक्षता पडल्या, झेंडूचे फूल आले. मी नव्या नवरीसारखी नटले होते.

आणि दुसऱ्या दिवशी हे असे झाले.

टाका कसा पडतो, ठाऊक आहे? सुई दोरा घेऊन खाली जाते आणि वर येताना दोऱ्याचा एक इवलासा फास मागे सोडते. पट्टीखाली माझे शटल असते, म्हणजे खालचा दोरा पोटात घेऊन फिरणारा छोटा धोटा. त्याचे टोक त्या फासात शिरले की वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत गुंततात. शटल केसभर जरी बाजूला सरकले, तरी फास हुकतो आणि टाका सुटतो. माझे चार-सहा टाके गुण्यागोविंदाने पडत आणि मग एक गायब.

कुसगावच्या वाटेवरच्या एका बंगल्याचे व्हरांड्याचे पडदे शिवायला आले होते. पांढरे, जाड कापड. मास्तरांनी सुई बदलली. नवी सुई पार वरपर्यंत चढवली, तिची खाच नीट बाजूला आली का पाहिले. दोरा काढून पुन्हा ओवला. दाब सैल केला, घट्ट केला. शेवटी वरून तेलाचे थेंब सोडले. मी आणखीच बिघडले.

भाजीवाली शालूबाई दारात पाटी टेकवून म्हणाली, "धोंडाबाय, कालची पूजा मशिनीला पचली न्हाई जनू!"

"पूजेनं काय व्हतंय? पूजेच्या आदी कुनाचा हात लागला ते बघा की," धोंडाबाई म्हणाली.

मुक्ता खाली मान घालून दोरे कापत होती. तिची कात्री थांबली.

"गप ए. सुईच खराब आसंल," मास्तर म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

पुढे बंगल्याचे कारभारी माधवराव आले. "मास्तर, दिवाळीला मालक येणार. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, पुण्याहून मागवतो." ते गेल्यावर धोंडाबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, वन्संना थोडं दिस वडिवळ्याला धाडा. मशीन सुदारली की बोलवू परत."

परत कोणी बोलावणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होते. मास्तर सुईकडे बघतच म्हणाले, "बरं." मित्रांनो, मी आयुष्यात मोठमोठे आवाज ऐकले आहेत. पण त्या एवढ्याशा शब्दाइतका दुसरा कुठलाच मला लागला नाही.

मुक्ताने गाठोडे बांधले. निघताना फसलेला पडदा घडी करून ठेवावा म्हणून तिने उचलला, उलटा केला आणि ती थबकली.

"वयनी, ही शिवण बघा. वरून पांडरी हाय आन् खालून लाल."

"अगं बया! रगत ओकती का काय मशीन!"

मुक्ताने शिवणीवर अंगठा घासला, नाकाशी नेला. "रगत न्हाई. कुंकू हाय. कुंकू आन् त्याल."

मास्तर उठले. "म्हंजी आतमदी गेलंय! पन पट्टी सरकवल्याबिगर..." त्यांचा हात पट्टीशी येऊन थांबला. पट्टीवर पूजा तशीच होती, पडदा डागू नये म्हणून तिच्यावर नुसता कागद घातला होता. म्हणून तर त्यांनी सगळे तपासले, पण ती पट्टी तेवढी उघडली नव्हती.

धोंडाबाई आडवी आली. "हात नका लावू! सवाष्णींनी लावल्यालं कुंकू पुसायचं? माज्या घरात? माज्या नवऱ्यानं?"

मुक्ताने गाठोडे खाली ठेवले.

"दादा, तू नको पुसू. वयनी, तुमीबी नका. मी पुसते. माजं येकदा पुसून झालंय."

धोंडाबाईचा हात खाली आला. ती पहिल्यांदाच नणंदेच्या मोकळ्या कपाळाकडे नीट बघत होती.

मुक्ताने कागद काढला, फूल उचलून देवापुढे ठेवले. फडके घासलेटात बुडवून पट्टी पुसली, सरकवली. आत तेलात कालवलेल्या कुंकवाचा चिखल झाला होता. तिने शटल काढले, बोटाने खोबण चाचपली आणि लाल झालेला तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. तोच शटलला बाजूला ढकलत होता.

मास्तरांनी तो दाणा तळहातावर घेतला. अक्षतांचे तांदूळ वडिवळ्याहून आलेले. "मुक्ते, सासर पाठ सोडत न्हाई बघ तुजी!" असे म्हणून ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

मुक्ता बसली. मी धावले. एकही टाका सुटला नाही.

"वन्सं, ते गाठोडं सोडा आता," धोंडाबाई तोंड फिरवून म्हणाली. "पडदं काय मी शिवू?"

पुढच्या दसऱ्याला तिने आधी माझ्या पट्टीवर फडके अंथरले आणि आळीतल्या सगळ्या बायकांदेखत कुंकवाची कुयरी मुक्ताच्या हातात दिली. शालूबाईने तोंड उघडले, पण धोंडाबाईने असे काही पाहिले की तिने ते मिटून घेतले. मुक्ताने सुईपासून लांब, माझ्या मानेवर, एकच ठिपका लावला. पुढे दर दसऱ्याला तोच ठिपका, त्याच जागी.

माधवरावांचे पडदे वेळेवर गेले. बंगला विकला गेल्यावर माधवराव पुण्याला गेले. शालूबाईने आपली नात मुक्ताबाईकडे शिवण शिकायला घातली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मास्तरांची नजर अधू झाली होती. ते शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगत, "मुक्ते, त्याल मागतीया ती." १९४४ साली ते गेले. धोंडाबाईचे कपाळ मोकळे झाले, त्या दिवशी तिच्याजवळ मुक्ताबाईच बसून होती. पुढे दोघी दुकानातच राहिल्या, एक शिवी आणि एक काजे करी. आधी धोंडाबाई गेली, मग मुक्ताबाई. मी आता शालूबाईच्या त्या नातीच्या ओसरीत असते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मशीनची पूजा जरूर करा, पण आधी तिच्या पोटावर फडके घाला. आणि टाका सुटला, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला बोल लावण्याआधी पट्टी सरकवून आत बघा.

माझ्या मानेवर आता कुंकू नाही. मुक्ताबाईच्या बोटाने काळा रंग झिजून तिथे लोखंड उघडे पडले आहे. मला पुसायला घ्याल तेव्हा तो डाग घासून बघा. जायचा नाही.