आमच्या दौडला गॅस आला

"बाबा, बुडबुडे!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची कोंबडी उडाली.

बूच काढलं तसा बाटलीतून फस्सकन फेस आला आणि माझ्या मनगटावरून ओघळला. बाबा हातगाडीवर खोकी रचत होते. ते धावत आले. त्यांनी बाटली उन्हात धरली. तळापासून बारीक बारीक बुडबुडे वर चढत होते, अगदी वडसा स्टेशनवरच्या विकतच्या थंड्यासारखे.

"गॅस आला वो कमळे! आपल्या दौडले गॅस आला!"

"मशीन नसताना?"

"मशीन काऊन पाहिजे? आपलं फूलच असं आहे."

आम्ही दोघांनी एक-एक घोट घेतला. जिभेला चावल्यासारखं झालं. आंबट, गोड, तिखट, सगळं एकदम. मला तर इतकं आवडलं की मी अर्धी बाटली संपवली.

दौड म्हणजे आमचं पेय. मोहफुलं उकळायची, फडक्यातून गाळायची, त्यात लिंबू, सुंठ आणि काळं मीठ. नाव माझं, कारण मी शाळेत दोनशे मीटरला पहिली येते. लेबलंही माझीच. वहीच्या कागदावर मी दोनशे धावती हरणं काढली होती, त्यातली शेवटची पन्नास शेळ्यांसारखी दिसत होती, पण कोण बघतंय!

बाबा धानाच्या गिरणीत हमाल. आमचे आजोबा मोहाच्या दारूने गेले. बाबांनी जन्मात तिचा थेंब ओठाला लावलेला नाही. "या फुलातून दुसरंही काही निघते, एवढं मले दाखवाचं आहे," असं ते म्हणत. पोती वाहून संध्याकाळी हमाल गुत्त्याकडे वळत, तेव्हा बाबा गिरणीच्या फाटकाशी दौड घेऊन उभे राहत. लोक हसायचे. पण लहानूकाका हसले नाहीत. लहानूकाका म्हणजे बाबांच्या जोडीचे हमाल. एका पोत्याला एकीकडून बाबा, दुसरीकडून ते. त्यांनी दौड प्यायला सुरुवात केली आणि गुत्ता सोडला. आठ महिने झाले होते. बाबा दुसरं कुठलं कौतुक सांगत नसत, तेवढे आठ महिने सांगत.

आणि आज चौदा एप्रिल होता. जयंती समितीचे गुणवंतराव स्वतः घरी येऊन सांगून गेले होते, की मिरवणुकीत दौडच वाटायची. दोनशे बाटल्या! एरवी आम्ही सकाळी उकळून संध्याकाळी विकत असू. एवढ्या एका सकाळी होणार नव्हत्या, म्हणून तीन दिवस आधीच करून, बुचं ठोकून खाटेखाली ठेवल्या होत्या. वर टिनाचं छप्पर. बाहेर ऊन असं की चपला डांबराला चिकटत.

विहारासमोर गाडी लावली. विहारात माझं जयंतीचं भाषण सकाळीच झालं होतं, माईक न धरता, कागद न बघता. त्यामुळे मी फारच चढून गेले होते.

"लहानूकाका, पहिली तुम्हाला! आज गॅसवाली आहे!"

"भाषणवाल्या बाईच्या हातची? मंग तर पेवाच लागते," म्हणत काकांनी बाटली तोंडाला लावली.

एक घोट. मग ते थांबले. बाटली तोंडापासून लांब धरून तिच्याकडे बघत राहिले. मग दुसरा घोट घेतला, मोठा. त्यांचे डोळे मिटले.

"हरिदास," ते हळूच म्हणाले, "हे लेकरायले देऊ नोको गा."

"काऊन? गॅस आला."

"गॅस नाई. ते आलं."

बाबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. आजूबाजूला माणसं होती. "तुले कशातही दारूच दिसते," बाबा मोठ्याने बोलले. "जीभच तशी आहे तुई!"

बाबांनी एक बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. "पाहा. माह्या हातचं आहे. मी कधी पेतो का दारू?"

तेवढ्यात गुणवंतराव आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. त्यांनी रिकामी बाटली नाकाशी धरली. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून फक्त एवढंच म्हणाले, "गाडीवर ताडपत्री टाक हरिदास, अन् घरी ने. कोणाले काही सांगू नोको."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "मले कळलं नाई," ते म्हणाले. "गुणवंतभाऊ, मले चवच मालूम नाई."

घरामागे आम्ही बाटल्या ओतत बसलो. माती भिजली, माश्या आल्या. मिरवणुकीचा बँड लांबून ऐकू येत होता. मला रडू येत होतं, पण तेवढ्यात एकदम सुचलं.

"बाबा, सोपं आहे! पुढच्या वेळी प्रत्येक खेप आधी लहानूकाकांना चाखवू. त्यांना लगेच कळतं."

बाबा ओतायचे थांबले. "जी चव त्याच्या जिभेवरून गेली, ती मी रोज त्याच्या जिभेवर ठेवू?"

शेवटचं खोकं उघडलं तर त्यात चार बाटल्या कमी होत्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबा तसेच उठले.

लहानूकाकांच्या दारात काकू, अंजनाबाई, बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी तोंड फिरवलं. अंगणात चार रिकाम्या बाटल्या, चारहींवर माझी हरणं. काका घरात नव्हते. "तेवढ्यानं काय होते?" अंजनाबाई म्हणाल्या. "मंग गुत्त्याकडं गेला."

बाबा उंबऱ्याखाली बसले. मीही बसले. ऊन कलायला लागलं तेव्हा काका कोपऱ्यावरून आले, भिंतीला हात लावत लावत. बाबांना बघून त्यांचं तोंड फुललं.

"हरिदास! आठ महिने पेलो गा तुई दौड," ते म्हणाले. "तुले वाईट वाटू नये म्हून बोललो नाई. पर चव आज आली! आज बनली खरी!"

ते झोक जाऊन पुढे आले. बाबांनी उठून त्यांच्या काखेत खांदा दिला. दोघं हळूहळू आत गेले. बाबांनी त्यांना खाटेवर टेकवलं, मग खाली बसून त्यांच्या चपला काढल्या, एक-एक करून, आणि त्या भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवल्या.