फ्लेक्सवरचे पाय

"हे पाय माझे नाहीत," रंजिता म्हणाली.

हरेशने आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग थोरल्या बहिणीकडे. मांडवाच्या कमानीवर टांगलेल्या त्या फ्लेक्सवर चेहरा तिचाच होता. मानेखालचं सगळं मात्र नेटवरून उचललेल्या कुठल्याशा भरतनाट्यमवाल्या मुलीचं. रेशमी पोशाख, घुंगरू, लाल रंगवलेली बोटं. चोपन्न वर्षांच्या बाईला विशीतलं धड चिकटवून दिलं होतं. शेजारी हात जोडलेला हरेश आणि वर ठळक अक्षरांत 'जर्मनी रिटर्न आंतरराष्ट्रीय नृत्यांगना'.

"ताई, तुझा एकपन फोटो बरा नाय मिलाला," हरेश म्हणाला. "सगल्यांत तू मलक्या कपड्यांत, नायतर जमिनीवर लोलतेस. तसला फोटो बॅनरवर टाकू? आमदार सायेब येनार हायत."

"तोच माझा नाच आहे. आणि तू मला स्टेज देतो म्हणालास."

"देतो ना. दोन मिंटं. गनपतीचं कायतरी कर, हात जोडून. मग सायबांच्या हातून शाल घे. ते चिखलाचं नको. आख्खं पनवेल आज माज्या निशाच्या हलदीला येतंय. त्यांना काय सांगू, आमी माती तुडवायचो?"

"तुडवायचोच आमी!" रंजिता ओरडली. राग आला की तिची भाषा एका क्षणात गावाला पोचायची.

आणि तुडवायचेच की. जासईच्या बाजूला त्यांचं मिठागर होतं. वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायच्या आधी तळाची माती अनवाणी पायांनी तुडवून घट्ट बसवावी लागे, नाहीतर मिठात चिखल यायचा. त्यांच्या आईचं, जनीचं, आयुष्य त्यात गेलं. शाळा सुटली की दोन्ही पोरंही तिच्या दोन बाजूंना, खांद्यावर तिचा हात घेऊन, तुडवायला उभी राहत. आता तिथे भराव पडलाय, कंटेनर एकावर एक रचलेत, आणि हरेश पनवेलात बंगला बांधून बिल्डर झालाय. होऊ दे. पण पाय विसरायला कुणी सांगितलं होतं त्याला?

जर्मनीतले शहाणेही काही वेगळे नव्हते. बाविसाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर ती कोलोनला नाच शिकायला गेली. पहाटे लोकांची ऑफिसं पुसायची आणि दिवसभर तालीम करायची. पहिला मोठा कार्यक्रम मिळाला, तर तिथल्यांनी पोस्टरवर तिच्या हातात पणती दिली आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. तिने पोस्टर फाडलं. कार्यक्रम गेला, पुढची काही वर्षंही गेली. मग एका बंद पडलेल्या कारखान्यात तिने स्वतःची छोटी मंडळी जमवली आणि स्वतःसाठी 'चिखल' हा नाच बसवला. संगीत नाही, दागिने नाहीत, एकटी बाई आणि तिचे पाय. त्या नाचाने तिला नाव दिलं आणि दोन्ही गुडघे घेतले. तरीही मुलाखत घ्यायला येणारा विचारायचाच, हे कोणत्या देवळातलं नृत्य?

ज्या बाईचे ते पाय होते, तिने तो नाच कधी पाहिलाच नव्हता. जनीला विमानाची धास्ती, आणि मोबाईलवरचं तिला धड दिसत नसे. आता तर डोळे आणखी अधू झालेले. भाचीच्या हळदीत का होईना, आईसमोर एकदा नाचायचं, एवढ्यासाठी रंजिता आली होती.

तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि कमानीच्या दोऱ्या सोडायला लागली.

"ताई, काय करतेस? लोकं बगतायत!"

"बगू देत."

खाली पडलेला फ्लेक्स तिने फरफटत मांडवामागे नेला. तिथे आचाऱ्यांच्या मोठमोठ्या टोपांपलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीत जनी लसूण सोलत बसली होती. जमिनीवर खडी होती. रंजिताने फ्लेक्स पालथा अंथरला, पांढरी बाजू वर करून, आणि चपला भिरकावल्या.

"आये, इकडं बग."

आधी टाच, मग तळवा, मग सगळा भार. पाठ वाकलेली, मान खाली. पायांखाली खडी करकरत होती. कांदा चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. जनीने डोळे बारीक केले, आणि त्या पावलांची ओळख पटली तशी तिच्या मांडीवरची लसणाची परात खाली आदळली.

"बंद कर!" ती ओरडली. "मी तुला यातनं भायेर काडली. माज्या पायाच्या भेगा बगून तुला शाला शिकवली. आनि तू इमानात बसून तितं जाऊन हेच केलंस?"

"हेच केलं!" रंजिता थांबली नाही. ती संतापाने रडत होती. "दुसरं काय होतं माज्यापाशी? त्यांनी मला देवी बनवली, आज यानं पन बनवली. मी तुजी हाय, हे कुनालाच नको. तुलापन नको?"

जनीने पदर खोचला. खुर्चीच्या हाताला रेटा देत ती उठली आणि चपला काढून फ्लेक्सवर आली.

"एकटीच कशी तुडवतेस?" ती अजून चिडलेलीच होती. "एकटीनं माती बसते काय? खांदा दे."

तिचा उजवा हात रंजिताच्या खांद्यावर पडला. हात जड होता. दोघी एकदम खाली वाकल्या आणि टाच, तळवा, भार सुरू झालं.

हरेश धावत आला. "आये! सायबांची गाडी आली. काय चाललंय हे?"

"चपला काड," जनी म्हणाली.

"आये, लोकं..."

"तुजीपन जागा हाय. या बाजूची." तिने डावा हात खांद्याच्या उंचीवर आडवा पसरला. लहानपणी तिथेच उभा राहायचा तो.

हरेश त्या हाताकडे बघत राहिला. एकदा तो आपल्या बुटांकडे वाकला, असं रंजिताला वाटलं. तेवढ्यात फाटकाशी साहेबांच्या स्वागताला बेंजोवाल्यांचा ताफा वाजवायला लागला. तो वळला आणि, "कमानीला दुसरं कायतरी लावा रे!" असं ओरडत निघून गेला.

रंजिताच्या तोंडाशी शिवी आली होती. आईचा भार खांद्यावर होता म्हणून तिने ती गिळली आणि टाच टेकवली. जनी तिच्याबरोबर तुडवत होती. डावा हात तिने खाली घेतला नव्हता.