सकाळचा अर्धा तास

मीटरकाकांनी पस्तीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. आकडा फुगला की लोक त्यांच्याच अंगावर धावून यायचे आणि ते थंडपणे सांगायचे, मी फक्त वाचतो, आकडा तुमचाच असतो. निवृत्तीनंतर हीच नोकरी अतिदक्षता विभागात पुढं चालू राहील, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बायको नऊ दिवस तिथं होती. न्यूमोनिया, घशात नळी, श्वास यंत्राचा. जागेपणी नळी सोसवत नाही म्हणून पंपातून झोपेचं औषध चालू. दुपारी डुलकी काढणाऱ्याला आळशी ठरवणारी ही बाई आठवडाभर ढिम्म झोपलेली. पहिल्या दिवशी काकांना मनातल्या मनात बरंसुद्धा वाटलं होतं. ते आठवलं की आता त्यांना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटे.

खरी पंचाईत सातव्या दिवसापासून सुरू झाली. सकाळी दहाला सिस्टर पंप थांबवू लागल्या. काकांनी हातापाया पडून बघितलं, राहू द्या, झोपलेलीच बरी. सिस्टरांनी समजावलं, की उगाच जास्त दिवस झोपवून ठेवलं तर अंगातली ताकद जाते, जाग आल्यावर डोक्यात गोंधळ होतो, नळीचा मुक्काम लांबतो. म्हणून रोज थांबवून बघायचं. सांगितलेलं कळतंय का, आपला आपण श्वास जमतोय का. अर्धा तास नीट निघाला, तर डॉक्टर नळी काढायचं बघतील. नाही निघाला, तर औषध परत, आधीच्या निम्म्यानं.

पहिल्या सकाळी सात मिनिटं निघाली, दुसऱ्या सकाळी नऊ. दोन्ही वेळा बायकोनं डोळे उघडले, समोर काका दिसले आणि मॉनिटरवर मिनिटाच्या श्वासांचा आकडा चाळिशीत गेला. काका तिचा हात धरून "घाबरू नकोस, काही झालेलं नाही" म्हणत होते, पण अशा आवाजात, की शेजारच्या खाटेवरचा बेशुद्ध माणूसही दचकावा.

तिसऱ्या सकाळी सिस्टरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, राग मानू नका. तुम्ही दिसलात की त्यांचा श्वास वाढतो. आज बाहेर थांबता का?"

"चाळीस वर्षांत माझ्याकडे बघून कधी वाढला नाही," काका म्हणाले, "आणि आत्ता मुहूर्त काढला तिनं."

तरी ते निमूट बाहेर गेले. दाराच्या काचेतून मॉनिटर दिसत होता, आणि वाचायचं तर अंगवळणी पडलेलं. तिनं डोळे उघडले. सिस्टरांनी बोटं दाबायला सांगितली, ती तिनं दाबली. श्वास चोवीस. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. काकांनी स्वतःचा श्वास किती वेळ रोखून धरला होता, ते मोजायला कुणी नव्हतं.

मग तिनं मान वळवली. डावीकडे, उजवीकडे आणि शेवटी खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे. नळी ओढू नये म्हणून मनगट मऊ पट्टीनं बांधलेलं होतं. त्या हाताची बोटं खुर्चीच्या दिशेनं वर उचलली गेली.

काकांनी दाराला हात लावला आणि काढून घेतला. आत जावं तर आकडा वाढणार. न जावं तर तिला वाटणार, हा घरी गेला. आपण दिसू नये म्हणून ते काचेच्या खाली उकिडवे बसले. जाणाऱ्या मावशींनी विचारलं, काही पडलं का. चष्मा, असं ते म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आल्या.

"सव्वीस मिनिटं. शेवटी श्वास फार वाढला, औषध सुरू केलंय. निम्मंच. उद्या परत बघू."

"मला शोधत होती ना?"

"हो."

"मी आत आलो असतो तर?"

सिस्टर खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "सातच मिनिटं झाली असती कदाचित. किंवा तीस. सांगता येत नाही, काका."

"मग उद्या कुठं थांबू?"

सिस्टरांच्या हातातल्या तक्त्यावर औषधाचं माप तासातासाला, दशांशापर्यंत लिहिलेलं होतं. त्यांनी सवयीनं त्यावर एकदा नजर फिरवली; काकांनी कुठं थांबायचं, त्याचा रकाना त्यात नव्हता.