घेतलं सगळं, शेवट तेवढा नाही

पडदा आहे मी, सिनेमाचा. झाशीत दतिया गेटजवळच्या एका जुन्या थिएटरात भिंतभर ताणून बसवलेला. हल्ली माझी फार चिडचिड होते. का, ते ऐकाच.

तरुणपणी माझ्यावर राजकारणाचे थरारपट लागायचे. मंत्र्याचा फोन, पाठलाग करणारी जीप, ज्याच्यावर भरवसा ठेवावा तोच फितूर. शेवटी खरं बोलणारा पत्रकार ट्रकखाली जाई आणि मंत्री फीत कापत असे. दिवे लागले तरी माझे नेहमीचे प्रेक्षक दामोदरराव खुर्चीतून उठत नसत. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं मराठी घर त्यांचं.

आता माझ्यावर उडणारे महानायक असतात. गेल्या हिवाळ्यात कश्मिरा आपल्या आजोबांना, म्हणजे दामोदररावांना, असाच एक सिनेमा दाखवायला घेऊन आली. ती एका खाजगी शाळेत शिकवायची. आजोबा आधी जांभया देत होते. मग महानायकाला कळलं, शहरभरचे फोन चोरून ऐकणारा त्याचाच वरिष्ठ आहे. म्हातारा ताठ बसला.

"अगं, हा तर आमचाच सिनेमा! नुसती झूल नवी."

मलाही उमेद वाटली. पण शेवटी इमारती कोसळल्या, महानायकानं वरिष्ठाला एका यंत्रात भिरकावलं, शिट्ट्या झाल्या. संपला प्रश्न!

"सगळं उचललं यांनी," दामोदरराव करवादले. "शेवट उचलायची छाती नाही झाली."

"पण आजोबा, आखिर जिंकला ना तो!"

"बुक्के मारून. कुणी चार लोकांसमोर तोंड उघडलं का?"

लोक निघून गेल्यावर कश्मिरा हळूच म्हणाली, "उद्या शाळेच्या चौकशीत मला बोलवलंय. माझ्या वर्गातली शिवांगी जिन्यावरून पडली ना, पाय मोडला तिचा. मॅनेजमेंट म्हणतं, मस्ती करताना पडली असं सांग. पण कठडा हलत होता. मी स्वतः प्राचार्यांना आधीच सांगितलं होतं."

"मग?"

"नोकरी जाईल, आजोबा."

"जाईल," ते म्हणाले. खोटा धीर दिला नाही त्यांनी. तिचा हात हातात घेऊन बसले मात्र, झाडूवाला येईपर्यंत.

उन्हाळ्यात त्याच सिनेमाचा पुढचा भाग लागला. कश्मिरा आली, सोबत शिवांगी, जरा लंगडत. मध्यंतरात त्यांच्या बोलण्यावरून कळलं: कश्मिरानं खरं ते सांगितलं आणि तिची नोकरी गेली. प्राचार्य अजून खुर्चीत आहेत. कठडा तेवढा नवा बसला. तिच्या मागून आणखी एका बाईंनी साक्ष दिली, पण चौकशी रेंगाळलीय. कश्मिरा आता घरी शिकवण्या घेते.

माझ्यावर पुन्हा तेच. चोरून ऐकलेले फोन, फितूर वरिष्ठ, मग बुक्के. जीव नुसता विटला.

शिवांगीनं विचारलं, "टीचर, इसने पहले ही सबको बता क्यों नहीं दिया?"

"डर लगता है, बेटा."

"इसको भी?"

कश्मिरा हसली. उत्तर शिट्ट्यांत बुडालं.

सिनेमावाल्यांनो, उसनं घ्यायचंच असेल तर ती भीतीही घ्या की! मी काही फार दिवसांचा नाही, कडेनं उसवत चाललोय. जाण्याआधी एकदा माझ्यावर कापऱ्या आवाजात खरं बोलणारी एक बाई दाखवा. शिट्टी एकही नाही वाजली तरी चालेल.