एका ब्रशचा स्टँड

"घरात माणसं किती?" वामनरावांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चार छिद्रांचा प्लास्टिकचा स्टँड काउंटरवर ठेवला.

मीराला हा प्रश्न आज तिसऱ्यांदा ऐकावा लागत होता. हॉस्पिटलमधली सकाळची ड्यूटी संपवून ती नंदनवनातली दोन दुकानं फिरून आली होती. तिथल्या सेल्समननीही आधी हेच विचारलं, आणि दोन्हीकडे ती "बघते, नंतर येते" म्हणत पायऱ्या उतरली. चौपन्न वर्षांची, अठ्ठावीस वर्षं स्टाफ नर्स असलेली बाई. भल्याभल्या पेशंटांना इंजेक्शनच्या वेळी एका नजरेत गप्प करणारी. पण ह्या साध्या प्रश्नापासून ती आज दोनदा पळाली होती.

लकडगंजातलं वामनरावांचं दुकान नळ, शॉवर आणि बाथरूमच्या सामानाचं, सगळं घाऊक. एक नग मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते सहसा ढुंकूनही बघत नसत. मीराला मात्र त्यांनी बसायला स्टूल दिलं. तिचे वडील गोपाळराव ह्याच रस्त्यावर लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते, आणि वामनरावांच्या आईला शेवटच्या आजारपणात सलाइन लावायला मीराच घरी जायची.

त्यांनी एकामागून एक माल काढला. ब्रश आत ढकलला की आपोआप पेस्ट सोडणारं एक यंत्र, त्याच्या बाजूला पाच ब्रशांची जागा. आरसा लावलेलं एक छोटं कपाट, त्यात सहांची. रबराच्या चकत्यांनी भिंतीला चिकटणारा एक स्टँड, त्याच्यावर हसणारं अस्वल. ह्या देशात दात घासतात ते सहकुटुंबच, अशी सगळ्या कारखानदारांची पक्की समजूत दिसत होती.

बाथरूम केवढं, असं वामनरावांनी विचारलं. चार बाय पाच, मीराने सांगितलं, आणि कमोडही त्यातच.

"मंग हा चारचाच घ्या. भिंतीवर इतुकशीच जागा घेते. पण माणसं किती, थे सांगतलं नाही तुम्ही."

"एक," मीरा म्हणाली.

वामनरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हा आकडा तिने आज पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला होता.

एका ब्रशसाठी एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आपला ब्रश घरात कुठे असतो ते आधी आठवून बघावं. मीराचा ब्रश निम्मं आयुष्य पर्समध्ये होता. वस्तीतल्या त्यांच्या घराला अंगणात एकच न्हाणी. पत्र्याचं दार, आणि नळाशेजारच्या कट्ट्यावर स्टीलचा एक ग्लास, त्यात सगळ्यांचे ब्रश. सगळ्यांचे म्हणजे धाकटा भाऊ धम्मानंद, त्याची बायको मेघा, त्यांचा मुलगा प्रीतम, आणि मीरा. एका रविवारी धम्मानंदने मीराच्या ब्रशने मोटारसायकलची चेन घासली आणि वर "मले वाटलं जुना होय" असं म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. त्या दिवसापासून मात्र ती ब्रश डबीत घालून पर्समध्ये ठेवू लागली. घासायचा, झटकायचा, डबीत घालायचा आणि डबी पर्समध्ये. घाईच्या दिवशी तर ती हॉस्पिटलच्या नर्सिंग रूममध्येच दात घासायची. वडील गेल्यावर घर चालवलं तिने, भावाला शिकवलं तिने, त्या गडबडीत लग्न राहून गेलं तेही तिचंच. पण त्या घरात एखादी वस्तू ठेवून निघून जावं आणि परत आल्यावर ती तिथेच सापडावी, अशी एक वीतभर जागा तिला कधी मिळाली नाही.

आता तिने स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला होता. नंदनवनच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर, एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर. बुधवारी किल्ली हातात आली आणि त्याच संध्याकाळी, जेवताजेवता, धम्मानंदने सगळं ठरवून टाकलं. एकटी बाई कशी राहणार? प्रीतम सोबतीला राहील. कॉलेजही त्याला तिकडून जवळ. पुढेमागे त्याचं लग्न झालं की सून येईल, म्हणजे आत्याच्या म्हातारपणाचीही सोय झाली. रविवारी नव्या घरात बुद्धवंदनेला सगळे जाऊ, तेव्हाच त्याची बॅगही नेऊ. मीरा काही बोलली नाही. त्या घरात तिच्या गप्प बसण्याला होकार समजायची जुनी पद्धत होती, आणि खरं सांगायचं तर ती पद्धत तिनेच पाडली होती.

प्रीतम वाईट पोरगा असता तर सोपं गेलं असतं. तो गुणी होता आणि तिचा त्याच्यावर जीव होता. पण त्याची बॅग एकदा आत आली की बाहेर निघणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. आधी तो हॉलमध्ये झोपेल. मग परीक्षा आली म्हणून बेडरूममध्ये. मग त्याचे मित्र, मग सून, आणि साठीच्या पुढे आत्या पुन्हा हॉलच्या कोपऱ्यात, ब्रश पर्समध्ये घालून. रविवारपर्यंत तिला नाही म्हणायचं होतं. जन्मात कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करतात हेच तिला कळत नव्हतं. म्हणून तिने बाथरूमपासून केली.

वामनराव मागच्या गोदामातून दोन खोकी घेऊन आले. एकात दोन छिद्रांचा सुबक स्टँड होता, मधे पेस्टसाठी खाच. दुसऱ्यात नमुन्याला ठेवलेली, भिंतीला लावायची स्टीलची कडी आणि तिच्यात बसणारा काचेचा छोटा ग्लास. एक ब्रश आणि एक लहान ट्यूब, त्यापलीकडे त्यात काही मावत नव्हतं.

"हे लॉजवाले नेतात, डझनानं," ते म्हणाले. "घरासाठी आजवर कोणी नेलं नाही. लॉज टाकून राहिल्या का सिस्टर?"

मीराला हसू आलं. वामनरावांनी मग समजुतीने दोनवालाच तिच्याकडे सरकवला. एक छिद्र रिकामं राहिलं तर काय बिघडतं, घर आहे, कोणी येतं-जातं, असं त्यांचं म्हणणं. मीराने तो हातात घेतला. दिसायला छान होता, आणि वामनरावांचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. हा घेतला तर कोणाला काही सांगावं लागणार नाही, कोणाचं तोंड उतरणार नाही. प्रीतमचा ब्रश सोमवारी त्यात उभा राहील आणि विषय संपेल. मोह झाला तिला. मोठा मोह झाला. मग तिने तो स्टँड काउंटरवर पालथा ठेवला.

"जो येईन-जाईन त्यानं आपला ब्रश आपल्यासंग न्यावा, भाऊ," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं नेलाच ना. मले हे एकवालं द्या."

वामनरावांनी डझनाचं सीलबंद खोकं तिच्यासाठी फोडलं.

शनिवारी सोसायटीतले नानाजी ड्रिल घेऊन आले. टाइल फुटेल, त्यापेक्षा टेपने चिकटवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मीराने दोन्ही वेळा स्क्रूच लावायला सांगितलं. चिकटवलेलं आज ना उद्या निघतं, आणि तिला निघणारं काही नको होतं. जागा तिने आधीच ठरवली होती. सकाळी अर्धा तास बाथरूममध्ये उभी राहून, मगाने पाणी ओतून शिंतोडे कुठवर उडतात ते तिने पाहिलं होतं. कमोडजवळ नको, दाराच्या मागे नको, बादलीच्या शिंतोड्यांच्या वर, तिचा हात सहज पोचेल तिथे पेन्सिलची खूण. नानाजींना ती खूण खाली वाटली. पुरुषमाणसाला वाकावं लागेल, ते म्हणाले. इथे वाकायला कोणी नाही, मीरा म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच बोलण्याची गंमत वाटली. टाइल फुटली नाही.

रविवारी तिघंही आली. प्रीतमच्या खांद्यावर मोठी बॅग होती, ती त्याने हॉलच्या भिंतीशी टेकवून ठेवली. वंदना झाली, सगळ्यांनी पंचशील म्हटलं, मेघाने केलेली खीर वाढली गेली. धम्मानंदने खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिले आणि प्रीतमचं टेबल कुठे बसेल ते हाताने मोजलं. मीरा वाढत राहिली. तिने चार दिवसांत पाच-सहा वाक्यं घोकून ठेवली होती आणि आता त्यातलं एकही आठवत नव्हतं.

जेवणं झाल्यावर प्रीतमने बॅगेतून आपलं सामान काढलं आणि तो बाथरूममध्ये गेला. लगेच बाहेर आला.

"आत्या, माहा ब्रश कुठं ठेवू? तिथं त एकाचीच जागा आहे."

आत्ता नाही म्हटलं नाही तर पुन्हा कधीच म्हणणार नाही, हे मीराला माहीत होतं.

"बॅगेतच राहू दे बेटा," ती म्हणाली. "बॅग वापस न्यायची आहे तुले."

धम्मानंदने खिरीची दुसरी वाटी खाली ठेवली. "काहून वं ताई?"

"मले एकटीनं राहायचं आहे."

मग तो बोलू लागला. लोक काय म्हणतील, इथून सुरू झालं. रात्री छातीत दुखलं तर पाणी कोण देईल, असं विचारून झालं. छातीत दुखल्यावर काय करायचं असतं हे त्या खोलीत मीराइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिने ते म्हटलं नाही. शेवटी त्याने आईचं नाव काढलं. आई असती तर तिला काय वाटलं असतं, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. तो ढोंग करत नव्हता. बहिणीवर त्याची माया होती. ती कशी राहते एवढंच त्याने कधी पाहिलं नव्हतं. मीराला त्याची फार दया आली, पोटातून वाईट वाटलं, आणि तरीही तिचं मन जागचं हललं नाही.

"धम्मा, ऐक गा," ती म्हणाली. "येत जा. जेवून जात जा. प्रीतमले मी काही कमी पडू देणार नाही, पोरगं माहंच आहे. पण राहाले कोणी नाही. हे माहं घर आहे आणि इथं मी राहीन."

"इतकं परकं केलं तू आम्हाले," धम्मानंद म्हणाला आणि चपला घालून जिना उतरला. प्रीतमने बॅग उचलली. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. दारातून वळून तो "जय भीम, आत्या" म्हणाला, आणि ते ऐकून मीराचे डोळे भरले.

मेघा मागे राहिली होती. कोणी न सांगता ती भांडी घासायला लागली होती. चोवीस वर्षं एका घरात राहूनही ह्या दोघी मोकळेपणाने कधी बोलल्या नव्हत्या. मेघा मुळातच कमी बोलायची आणि मीराला ड्यूटी असायची. आता ही काय बोलते, टोमणा मारते की रडते, ह्याची मीरा वाट पाहत होती. मेघाने शेवटचं ताट पालथं घातलं आणि पदराला हात पुसले.

"ताई, मी जराशी बाथरूममधी जाऊन येऊ?"

"जा ना. विचारतं काय त्याच्यात?"

मेघा आत गेली. दार लागलं, आतून कडी सरकली. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मीराला काळजी वाटली, ती दाराशी जाऊन उभी राहिली, पण तिने हाक मारली नाही. मग हळूहळू नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बादली भरू लागली. अंगावर पहिलं मगभर पाणी पडलं तेव्हा मीराच्या ध्यानात आलं. वस्तीतल्या त्या पत्र्याच्या दारामागे ह्या बाईने चोवीस वर्षांत एकदाही सावकाश आंघोळ केली नव्हती. सासू होती तेव्हा सासू दार वाजवायची, मग नवरा, मग पोरगा. घाईच्या सकाळी कितीदा तरी मीरानेही वाजवलं होतं. ते आठवून तिला शरम वाटली. कपाटातून तिने कोरा टॉवेल आणि स्वतःची धुतलेली साडी काढली आणि दाराच्या मुठीवर अडकवली.

खाली धम्मानंदच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. मीरा गॅलरीत गेली. त्याने मान वर करून मेघाला पाठवायला सांगितलं, उशीर होतोय म्हणाला.

"थांब थोडा," मीरा वरून म्हणाली. "आंघोळ करून राहिली थे."

"आंघोळ? ह्या टायमाले?"

"हो. वेळ लागन तिले."

त्याने पुन्हा हॉर्नवर हात ठेवला. मीरा आत आली, आणि तो आवाज बाथरूमपर्यंत जाऊ नये म्हणून तिने गॅलरीचं दार लावून घेतलं.